दोन प्रकरणं राहिली

नलिनी काकू गेल्या तेव्हा माझं पुस्तक त्यांच्या उशाशी होतं.

शेवटची दोन प्रकरणं वाचायची राहिली होती.

आज त्यांचं तेरावं झालं. डोंबिवलीहून आत्ताच घरी आलेय. फोटो टाकत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं चौघांचं एक वाचनमंडळ आहे. डोंबिवलीच्या नलिनी काकू, कल्याणचे वसंत काका, कळव्याच्या रेखाताई आणि ठाण्यात वर्तकनगरची मी. एकाने पुस्तक निवडायचं आणि पुढच्याला पोस्टाने पाठवायचं. त्याने वाचून त्याच्या पुढच्याला. वाचताना समासात पेन्सिलीने वाटेल ते लिहायचं.

पुस्तक फिरून निवडणाऱ्याच्या घरी परत येईपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. निवडणाऱ्याला सगळ्यांचे शेरे शेवटी, एकदम वाचायला मिळतात.

नियम काकूंचा. मंडळही काकूंचंच.

आधी त्यात माझी आई होती. तिला बारीक अक्षर दिसेनासं झालं. तरी एक पार्सल आलं. मी फोन केला.

"काकू, आईला आता वाचता येत नाही."

"माहितीय. तुलाच पाठवलंय."

डोंबिवली ते ठाणे असं कितीसं अंतर? मी एकदा म्हटलंसुद्धा, रविवारी येऊन देऊन जाते की.

"अजिबात नाही. हातात दिलंस की मी तुझं तोंड बघणार. तोंडावर सगळं कळतं. मग वाचायचं काय राहिलं?"

"माझ्या तोंडावर काही कळत नाही, काकू."

"तेही खरंच म्हणा."

मी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत प्रेशर गेज तपासते. काटा दाखवतो तो आकडा खरा आहे का, एवढंच बघायचं. स्वतःचं मत द्यायची वेळ येत नाही. मला ते बरं वाटतं.

म्हणूनच पुस्तक निवडायची पाळी आली की मी ती रेखाताईंवर ढकलायचे. पुस्तक निवडलं की आपल्याबद्दल काहीतरी सांगून टाकल्यासारखं होतं.

या वर्षी काकू चिडल्या.

"अगं, आमचंच किती दिवस वाचणार? तुझं काहीतरी पाठव. काय वाचून तुझ्या पोटात कालवतं ते मला एकदा बघायचंय."

मी पाठवलं. कॉलेजपासून जवळ असलेली, कोपरे दुमडलेली कादंबरी. दोन बहिणींची गोष्ट. पहिलं काकूंनाच गेलं.

मग वाट बघणं.

मध्ये त्यांचा फोन आला. गुडघे झाले, गॅसवाला झाला, निखिलदादा मुली बघायला नाही म्हणतो ते झालं. निखिलदादा म्हणजे त्यांचा मुलगा. पुस्तकाबद्दल काहीच नाही. मी नुसती हं हं करत होते.

"बरं, ठेवते," म्हणाल्या. मग थांबल्या.

"ऐक ना."

"काय?"

"काही नाही. नियम म्हणजे नियम."

आणि ठेवला.

आमचं शेवटचं बोलणं तेच.

आज पाहुणे गेल्यावर निखिलदादाने आतून पुस्तक आणून दिलं. खुणेला केसांची पिन होती.

"आवडलं होतं का रे त्यांना?"

"मी विचारलेलं. मला म्हणते, तू मंडळात आहेस का?"

आम्ही दोघं हसलो. तो जरा जास्तच वेळ.

"उघडून बघ ना," तो म्हणाला. "भरपूर लिहिलंय तिने."

"नको."

"अगं, आता कसले नियम!"

मी फक्त पिन होती तिथे उघडलं, समासावर हात ठेवून. पान बघितलं आणि मिटलं. म्हणजे पुढे काय होतं ते काकूंना कळलंच नाही. वाचत एवढ्या लांब आलेल्या, आणि गोष्टीतल्या त्या दारापर्यंत पोचायच्या आधीच.

निखिलदादा चहा टाकायला गेला. हॉलमध्ये मी आणि काकूंचा फोटो.

मी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात त्यांना शेवट सांगितला. दार कोण उघडतं. कोण काय बोलतं. धाकटी हातातली पिशवी कुठे ठेवते.

आणि हेही सांगितलं की त्या पिशवीपाशी मला दर वेळी रडू येतं. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

निखिलदादा कप घेऊन आला.

"काही म्हणालीस?"

"साखर कमी घाल म्हटलं."

"घातली की आता."

चहा गोड होता. प्यायले.

वसंत काका, तुम्ही हे वाचताय, म्हणून शेवट इथे लिहीत नाही. पुस्तक उद्या पोस्टात टाकते. तुमचं झालं की रेखाताईंना पाठवा, त्या मला पाठवतील.

काकूंचे शेरे तुम्ही दोघं माझ्याआधी वाचाल. मला काही सांगू नका. फोनवर आवाजही सांभाळा.

आणि घाई करू नका. एरवी मी आठवण करून देत राहते, या वेळी देणार नाही. पुस्तक फिरतंय तोवर काकूंचं माझ्याशी बोलायचं राहिलंय.

पार्सल बांधून झालं. पाठवणाऱ्याच्या जागी काकूंचं नाव आणि डोंबिवलीचा पत्ता लिहिलाय.

पुढे पाठवायची पाळी त्यांचीच होती.

काकू, नमस्कार करते.