गरम बोनेट
तापलेल्या इंजिनाचा वास आला की जळगाव जामोदचं ते अंगण आठवतं. बाबांबरोबर जुनी पिकअप बघायला गेलो होतो. चेसीचा गंज तपासून बाबांनी बोनेटवर हात ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. बोनेट गरम होतं. थंड इंजिन लवकर चालू होत नसेल, तर ते लपवायला विकणारे गाडी आधीच तापवून ठेवतात. "काऊन हो, आधीच चालू केली?" म्हातारा मालक ओशाळला. "बायकोले फिरवून आनलं. गाडीत नेहमी मालच राहे, ते कधी समोर बसलीच नाही." दारात ठेवणीतलं लुगडं नेसून ती उभी होती. बाबांनी पुढे काहीच तपासलं नाही. आज तीच पिकअप आम्ही विकतोय. मघाशी आईला म्हटलं, "चाल, समोर बस." बोनेट तापेल, गिऱ्हाईकाला काय वाटायचं ते वाटो.