फुलीची जागा

त्या दुष्काळात आम्हा बायकांच्या दूध सोसायटीने नाल्यावर बंधारा मागितला होता. म्हशींना पाजायला पाणी नव्हतं, दावणी रिकाम्या होत चालल्या होत्या. मी सोसायटीची सचिव. अर्जाला शिवाराचा नकाशा जोडायचा होता आणि तो सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत होता. सासरे पलटणीतून निवृत्त झालेले, गावात नकाशा वाचणारे तेवढेच. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते रानात गेलेले. मीच पेटी उघडली, हाताला लागली ती गुंडाळी घेतली आणि दिंद्रुडच्या फाट्यावर एसटी धरली.

कचेरीत साहेबांनी ती टेबलावर पसरली. सगळीकडे निळ्या रेघा. मला काही उमगेना. आपल्या शिवारात एवढं पाणी कधी होतं? साहेबांनीही तेच विचारलं, एवढं निळं असून टँकर कशाला लागतो म्हणून. नावं इंग्रजीत. अक्षरं जुळवून मला एकच शब्द वाचता आला, ‘नाला’, आणि त्यानेच माझा घात केला. नाला आमचाच, नकाशा जुना आहे, तेव्हा असेल पाणी, असं मी ठासून सांगितलं. एके ठिकाणी पेन्सिलीची फुली होती. बंधारा इथेच का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. शिक्का बसला.

संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं, तर सासरे उठून पेटीशी गेले. शिवाराचा नकाशा पेटीतच होता. मी नेला तो त्यांच्या नोकरीतल्या बर्फाच्या डोंगरांचा. तिथल्या बर्फावरच्या उंचीच्या रेघा निळ्या काढतात, आणि तिथेही ओढ्याला नालाच म्हणतात. मला हसू फुटलं.

"तिथं बंधारा न्हाई व्हायचा, पोरी," ते म्हणाले. "फुलीखाली माझा जोडीदार हाय. बर्फातून काढताच आला न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कचेरीत गेलो. साहेबांनी खरा नकाशा ठेवून घेतला, पण शिक्का बसलेला तो बर्फाचा नकाशा फाईलमधून निघत नाही म्हणाले. हवाच असेल तर अर्ज मागे घ्या. मुदत तर संपलेली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घडीला मला काय हवं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," ते म्हणाले.

बंधारा झाला. पाणी साचलं तेव्हा सासरे एकदाच तिकडे आले. चपला काढून काठावर बराच वेळ उभे राहिले. मग मला विचारलं, "ती फाईल कोणत्या कपाटात ठेवली, बघितलं व्हतंस का गं?"

मी बघितलं नव्हतं.