चालत्या बसमधलं डोहाळजेवण

मिनलच्या हाती लाल पेन आलं आणि कॉलेजातल्या लिहिणाऱ्या पोरांची झोप उडाली. दापोडीची ही पोरगी यंदा भित्तिपत्रकाची संपादक झाली होती. मराठी विभागाबाहेरच्या फळ्यावर दर पंधरवड्याला पोरांचे लेख लागायचे, पण आधी मिनलच्या हाताखालून जायचे. वडील भीमराज कौतुकानं शेजाऱ्यांना सांगायचे, "आमची बाई एडिटर झाली राव!" झालं, बाईंना तेवढंच पुरे. लेखात काही कापलं नाही, तर आपण काम केलं असं तिला वाटायचंच नाही.

तिची वर्गमैत्रीण विजयश्री चिखलीची. अबोल पोर. मिनलनंच हात धुऊन मागे लागून तिच्याकडून पहिला लेख लिहून घेतला.

विजयश्रीची आई सुभद्राबाई चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. कंपनीच्या बसमधून सोबत जाणाऱ्या तनुजाला सातवा लागला, तेव्हा बायकांनी शिफ्ट सुटल्यावर परतीच्या बसमध्येच तिचं डोहाळजेवण केलं. कंपनीत बांगड्या चालत नाहीत, म्हणून हिरवा चुडा गेटाबाहेर पडल्यावर भरला. खिडक्यांना झेंडूच्या माळा. तनुजाच्या सासूनं पहाटे उठून लाटलेल्या पुरणपोळ्या. मग जेवणाचे दोन डबे झाकून समोर धरले, एकात पेढा, एकात बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तनुजा हात घालणार तेवढ्यात गतिरोधकावर बस उडाली आणि दोन्ही डबे तिच्या ओटीत सांडले! "जुळी गं बाई!" म्हणून अख्खी बस हसली. ड्रायव्हर सोपानरावांनी तर बारशालाही गाडी माझीच, असं सांगून टाकलं. आईनं सांगितलं, लेकीनं लिहिलं.

मिनल वाचताना हसली. आणि मग पेनाचं टोपण काढलं. कष्टकरी बायांवरचा लेख आणि त्यात असला दंगा? शोभतं का! जुळी गेली, सोपानराव गेले, पुरणपोळ्यांची ओळ पाल्हाळ म्हणून गेली. शेवटी तिनं आपलं एक वाक्य चिकटवलं: 'घरी लाड करणारं कुणी नाही, म्हणून या अभागी स्त्रिया प्रवासातच डोहाळजेवण उरकतात.' विजयश्रीला विचारलं का? छे! आपण लेखाचं सोनं केलं, याच तोऱ्यात होती ती.

फळ्यावर आपलं नाव बघून विजयश्री हरखली. न वाचताच तिनं फोटो काढून आईला पाठवला, आणि सुभद्राबाईंनी तो बसमध्ये एकीकडून मोठ्यानं वाचून घेतला.

दोन दिवसांनी विजयश्री मिनलसमोर येऊन उभी राहिली.

"तनुजाताईची सासू विचारतीय, घरी कुणी नाही म्हणजे मी काय मेले का? आईशी बसमध्ये कुणी धड बोलत नाही. मी परत लिहायची नाही, मिनल."

आता बोला! मिनल तोंडातल्या तोंडात सॉरी पुटपुटली, ते तिचं तिलाच पटलं नाही. पोरीला लिहितं आपणच केलं आणि गप्पही आपणच केलं, याची तिला मनापासून लाज वाटली.

तिनं फळ्यावरचा लेख काढला. शनिवारी दुपारी विजयश्रीला जवळजवळ ओढतच चिखलीच्या शेवटच्या थांब्यावर नेलं. बस आली. बायका उतरायच्या आत मिनल वर चढली.

"ते अभागी वगैरे मी घुसडलं होतं. विजयश्रीनं नव्हे. तिचं खरं लिहिलेलं ऐका तरी."

सोपानरावांनी इंजिन बंद केलं. मिनल मूळ लेख वाचू लागली. आधी सगळ्यांनी तोंडं खिडकीकडे फिरवली. पुरणपोळ्यांपाशी तनुजानं डोळ्यांना पदर लावला. मध्ये महागाईवर बरंच काही होतं, तिथं एकीनं जांभई दिली, दुसरी पिशवी आवरू लागली. पण दोन्ही डबे सांडले आणि बस पुन्हा खदखदली.

"हां, हे आमचं!" सुभद्राबाई म्हणाल्या. "लई झ्याक लिवलंस, बाय."

सगळ्या उतरून गेल्यावर विजयश्री हळूच म्हणाली, "ते महागाईचं लांबलं, नाही का गं?"

लांबलंच होतं. मिनलला ते पहिल्या वाचनातच दिसलं होतं, आणि गंभीर वाटतं म्हणून नेमकं तेच तिनं कापलं नव्हतं. जिभेवर आलेलं उत्तर तिनं गिळलं.

"लेख तुझा. तू सांग."

विजयश्रीनं महागाईच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग तिनं हात पुढे केला.

"दे ते पेन."