कॅरिअरवर बसणारे लतीफमामा

ब्रेकचं काम संपलं की लतीफमामा हातसुद्धा न पुसता मोटारसायकलच्या मागच्या कॅरिअरवर जाऊन बसायचे आणि मालकाला म्हणायचे, "चला, खंडाळ्याच्या उताराला." मालक कितीही नको म्हणाला तरी ते उतरत नसत. "ज्यानं ब्रेक बांधला त्यानं मागं बसायचं. पडलो तर दोगं बी पडू," असा त्यांचा कायदा होता. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण असा कायदा पाळणारा कारागीर मला पुन्हा भेटला नाही.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी नुकताच लोणावळ्यात दवाखाना थाटला होता आणि आठवड्यातून एकदा आंदर मावळातल्या वाड्यांवर रोगी बघायला जायचो. चालत जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. म्हणून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटारसायकल घेतली. तिचा पुढचा ब्रेक नावालाच होता. सगळी भिस्त मागच्यावर, आणि तोही रडका.

बाजारात पत्र्याच्या छपराखाली मामांचं दुकान होतं. त्यांचे वडील टांग्यांची चाकं बांधत. मामा बंगल्यांवर येणाऱ्या मोटारींच्या खाली शिरून शिरून शिकले. अक्षरओळख नव्हती, पण कान असा तिखट, की मी वळणावर असतानाच माझ्या गाडीची साखळी ढिली झाल्याचं त्यांना समजे. मला वेगाची हौस. त्यावर ते एवढंच म्हणत, "पळवाया कुनीबी येतं, डाक्टर. थांबाया शिका."

पावसाळा सरता सरता त्यांनी माझ्या मागच्या ब्रेकला नव्या पट्ट्या ठोकून दिल्या. त्या थोडे दिवस किंचाळतील, तिकडे लक्ष देऊ नका, असं बजावलं आणि रिवाजाप्रमाणे उतारावर फेरीही मारून आले. त्याच आठवड्यात मी आंदर मावळात गेलो. धोंडीआबा नावाच्या शेतकऱ्याची नात तापाने फणफणली होती, म्हणून त्यांच्याकडेच मुक्काम केला. सकाळी पोरीचा ताप उतरला, आबांनी मला वाटेपर्यंत पोहोचवलं, आणि मी खुशीत निघालो. पहिल्याच मोठ्या उतारावर पाय दाबला, तर ब्रेक लागेचना. गाडी भाताच्या खाचरात गेली. औषधांच्या बाटल्या फुटल्या, कोपर सोलून निघालं, आणि भीती म्हणजे काय ते कळलं.

कसाबसा हळूहळू लोणावळ्याला आलो तो तडक मामांच्या दुकानात. तिथे मुंबईच्या एका शेटजींचा ड्रायव्हर मोटार घेऊन आला होता, आणखी चार माणसं बाकावर होती. त्या सगळ्यांसमोर मी मामांना नाही नाही ते बोललो. तुमच्या हातावर भरवसा ठेवून मरता मरता वाचलो, असंही म्हणालो. ड्रायव्हरने काम न सांगताच मोटार काढली आणि तो निघून गेला. बंगलेवाल्यांच्या मोटारींवरच मामांची चूल पेटत होती, आणि ड्रायव्हर लोकांत बातमी वाऱ्यावर जाते. हे मला माहीत होतं, तरी माझं तोंड थांबलं नाही.

मामांनी चाक काढलं, पट्टीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग ते बोट माझ्यापुढे धरलं. करंजाच्या तेलाचा वास येत होता.

"काल मुक्काम कुटं हुता?" त्यांनी विचारलं. "लय मायेची मानसं हायती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुण्याची बैलगाडी कोरड्या आसाने परत पाठवायची नाही, अशी त्या भागातली रीत. माझं चाक किंचाळतंय हे ऐकून आबांनी पहाटेच त्यात सढळ हाताने तेल ओतलं होतं, आणि ते ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरलं होतं. निघताना त्यांनी मला तसं सांगितलंही होतं. मी डॉक्टर, शिकलेला. मान डोलावून हसलो होतो!

आबांना चांगलं सुनावतो, असं मी म्हणालो, तर मामांनी अडवलं. "त्यास्नी बोलू नका. पुढल्या खेपेला मी येतो संगं. तेल कुटं घालायचं आन् कुटं न्हाई, हातानं दावतो."

तेलकट पट्ट्या त्यांनी उपटून टाकल्या, जवळच्या शेवटच्या दोन ठोकल्या आणि कॅरिअरवर बसले. मामा मागे बसले होते म्हणूनच मी उताराला लागलो. निम्म्यावर ते म्हणाले, "आता दाबा." गाडी जागच्या जागी उभी राहिली.

परत आलो तेव्हा बाकावरची माणसं तशीच होती आणि निघून गेलेला तो ड्रायव्हर समोर पानाच्या दुकानाशी मोटार लावून उभा होता. मी मामांची माफी मागू लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"चार मानसांत बोललात, डाक्टर. आता चार मानसांत माज्याकडचा चा घ्या."

मी ब्राह्मणाच्या घरातला. वर्षभर त्या दुकानात ऊठबस होती, पण मामांच्या घरचं पाणीही कधी प्यायलो नव्हतो, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. बाजार बघत होता. माझा हात कपाकडे जायला वेळ लागला, याची आजही लाज वाटते. पण गेला. उभ्याने नाही, बाकावर नीट बसून मी तो चहा प्यायलो आणि चूक माझी होती हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

थोड्या वेळाने ड्रायव्हर रस्ता ओलांडून आला, माझ्याशेजारी टेकला आणि मोटारीच्या ब्रेकचं विचारू लागला. त्याच्याशी बोलता बोलता मामांनी माझा कप पुन्हा भरला.