वलांडीवरचा वर्ग

मी एम.कॉम.ला असताना आमच्या कॉलेजने आठवड्याची वाटणी केली: तीन दिवस वर्गात, तीन दिवस मोबाइलवर. माझा जुळा भाऊ माझ्याच वर्गात. त्याला तर स्वर्ग दोन बोटं उरला. ऑनलाइनच्या दिवशी तो कॅमेरा बंद करून डोक्यावरून चादर ओढायचा आणि घरातले सगळे हळू बोलायचे, कारण पोरगा शिकतोय!

मी मात्र घरी असले म्हणजे सगळ्यांच्या लेखी रिकामी. अर्नाळ्याला आमच्या दारापुढे बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या आहेत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी काठीवर टांगायची, हे काम बायकांचं. फोन पाण्याच्या पिंपावर उभा. हात बरबटलेले, म्हणून हजेरीला मी कोपराने माइक चालू करून 'हजर' म्हणायचे आणि कोपरानेच बंद करायचे. निम्मी लेक्चरं कावळ्यांनीच ऐकली. पहिल्या सत्रात एक विषय राहिला. "आता परत नापास झालीस तं शिक्षान बंद," आई म्हणाली. ती बोलते ते करते.

मग सरांनी, ही पद्धत आवडते का, म्हणून फॉर्म भरून घेतला. मुलगे खूश, मुली नाराज. सर ऑनलाइन तासाला म्हणाले, "मुलींना टेक्नॉलॉजीची भीती वाटते. त्यांना मोबाइलचं प्रशिक्षण देऊ."

माझं टाळकंच सटकलं. कोपराने मोबाइल चालवणारीला प्रशिक्षण! ओढणीला हात पुसले, कॅमेरा आणि माइक लावला आणि फोन उचलला. "सर, भीती कसली? हा बघा माझा वर्ग." वलांड्या दाखवल्या, भरलेली टोपली दाखवली. तेवढ्यात मागून आई ओरडली, "अगो, घरानच हायस ना? पानी भर आदी!" मी तशीच आत गेले आणि चादरीखालचा भाऊ दाखवला. "आणि हा त्याचा."

मग एकेका मुलीचा कॅमेरा उघडू लागला. मनवेलपाड्याची पोळ्या लाटत होती. नालासोपाऱ्याच्या मुलीच्या मांडीवर भाचा होता. नंदाखालची केळीच्या बागेत पाणी सोडत होती. मला रडूच आलं.

सर माणूस सरळ. "माझं चुकलं," म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यापासून ऑनलाइनच्या दिवशीही तिथे बसून तास ऐकता यावा म्हणून लायब्ररी उघडी ठेवायला लावली. आईने दोन दिवस तोंड फुगवलं. पण मी बॅग घेऊन निघाले तेव्हा तिनेच भावाची चादर ओढली. "ऊठ. तू पन घरानच हायस ना?"

त्या सत्रात माझे सगळे विषय सुटले, राहिलेलासुद्धा. पण खरी जिंकले ती लायब्ररीतल्या पहिल्याच दिवशी. टेबलं मुलींनी भरली होती. हजेरी सुरू झाली आणि आईच्या नंबरवरून फोन आला. बोलत होता भाऊ; आईने फोन त्याच्या कानाला धरला होता.

"अगो, हात भरलेत माजे. हजेरी कशी लावू?"

"कोपराने," मी म्हटलं आणि फोन ठेवला.