शेताएवढ्या देशाची चौकशी

महासाथीच्या पहिल्या हिवाळ्यात मी एका देशाची अर्थव्यवस्था पुन्हा उभी करण्यासाठी नेमलेल्या चौकशी समितीचा अध्यक्ष होतो. देश म्हणजे ऑस्ट्रेलियात मी राहतो त्या ब्लॅकटाउनच्या पश्चिमेला, डोंगरापलीकडे असलेले एका वृद्ध दांपत्याचे मेंढ्यांचे शेत. कुंपणाच्या वादात काउन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, दाद दिली नाही, तेव्हा यजमानांनी शेत ऑस्ट्रेलियातून फुटून स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले होते. लोक हसले. मला हसू आले नाही. काउन्सिलला पत्रे लिहून माझेही हात झिजले होते. शिवाय त्यांच्या राज्यघटनेतल्या चुका मला पाहवेनात. मी त्या कळवल्या, आणि उलट टपाली मला मानद नागरिकत्व व कायदा सल्लागाराचे पद मिळाले.

या देशाचे उत्पन्न म्हणजे शनिवार-रविवारी येणारे हौशी पाहुणे, त्यांना विकलेली टपाल तिकिटे आणि बाईंच्या हातचे केक. लॉकडाऊनमध्ये पाहुणेच बंद झाले. बाई म्हणत होत्या, शेत विकू आणि मुलीजवळ शहरात जाऊ. यजमानांना देश राखायचा होता. मार्ग शोधण्यासाठी त्यांनी समिती नेमली: ते, बाई आणि मी. पुण्यातल्या सोसायटीचा मी अनेक वर्षे सचिव होतो, त्यामुळे नोटीस, विषयपत्रिका, ‘नागरिकांनी लेखी निवेदने द्यावीत’ असे आवाहन, सारे मीच रीतसर केले. निवेदन एकही आले नाही.

झूमवरच्या बैठकीत आवाज घुमू नये म्हणून यजमान व्हरांड्यात बसले होते, बाई स्वयंपाकघरात. मी बाईंना विचारले, सध्या घर कशावर चालते?

“माझ्या पेन्शनवर.”

कोणत्या पेन्शनवर?

“ऑस्ट्रेलियन. आणखी कुठली?”

माझा पारा चढला. ज्या सरकारची सत्ता आपण नाकारली, ज्याच्याविरुद्ध मी पानेच्या पाने लिहिली, त्याच्याच पैशांवर या देशाची चूल पेटावी? हे परकीय सत्तेशी संगनमत आहे, असे मी सुनावले, आणि हे आपण कोणत्या अधिकाराने केलेत, असेही विचारले.

बाईंनी शांतपणे चष्मा पुसला. “मी ऑस्ट्रेलियनच आहे. शेत दोघांच्या नावावर आहे. हा फुटून निघाला, मी नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं.”

मग हे आजवर सांगितले का नाही?

“तुम्ही निवेदनं नागरिकांकडून मागवली होती.”

अर्धा देश परदेशात होता, आणि एक परदेशी व्यक्ती खुद्द चौकशी समितीवर बसली होती. गणपूर्तीला तिघे लागत; तीच उरली नव्हती. सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे मी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. शेजारी माझी पत्नी मटार सोलत होती. तिला मी सारा प्रकार समजावून सांगितला. तिला काडीचेही आश्चर्य वाटले नाही, आणि मला बसलेला हा दुसरा धक्का होता.

कॅमेरे कुणी बंद केले नव्हते. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी झाली आणि थोड्या वेळाने यजमान स्वयंपाकघराच्या दारात दिसले. त्यांनी डोक्यावरची हॅट काढली.

“तुला काय करायचंय?” त्यांनी विचारले.

“विकायचं. रस्ते उघडले की.”

त्यांनी खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लिहून घे, दोस्ता.”

अर्धा तास झाला होता. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढे गणपूर्तीची अट नसते, तेव्हा कामकाज चालवणे मला भाग होते. ठराव: शेत विकावे. सूचक: बाई. परदेशी नागरिकाला ठराव मांडता येत नाही, हे मला पुरते ठाऊक होते. तरीही मी तो लिहिला. अनुमोदक कोण, असे विचारले. यजमानांनी हात वर केला नाही. अध्यक्षाला तर अनुमोदन देता येत नाही.

“अहो,” शेंगेवरची नजर न उचलता पत्नी म्हणाली, “माझं नाव लिहा.”