अरुंद पातं

लवळ्याच्या रस्त्यावर पोळपाट करणाऱ्या काकू प्रत्येक वाक्यापुढे "कळलं का?" लावतात. "गोल कापायचं तर करवतीचं पातं अरुंद पायजे. रुंद पातं वळत न्हाई, अडकतंय. कळलं का?" असं म्हणत त्यांनी माझ्या पोळपाटाच्या फळीसाठी यंत्रावर अरुंद पातं चढवलं.

फळी अर्धी वळली आणि पातं फाडकन तुटलं. तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला. मी थिजले. काकूंनी यंत्र बंद केलं, मला दंडाला धरून शेडबाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

"काकू, राहू द्या!" मी दार बडवलं.

"अर्धवट सोडत न्हाई मी. तितंच थांब."

नवं पातं चढवल्याचा आवाज आला आणि करवत पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळानं दार उघडून त्यांनी पोळपाट माझ्या हातात दिला. त्यांचे हात माझ्याहून जास्त थरथरत होते.